जुलैच्या मापाची टाकी

काच पुसायची राहते, तिथून सुरुवात होते. समुद्री टाकीच्या पुढच्या काचेवर दोन दिवसांत शेवाळाचा फिकट हिरवा पापुद्रा धरतो. चुंबकाचा घासणा दोनदा वरखाली फिरवला की तो निघतो, मिनिटभराचं काम. ते आज राहतं, उद्या राहतं आणि पंधरवड्याने तिथे जांभळट चुनखडीचे ठिपके बसतात. ते ब्लेडशिवाय निघत नाहीत, आणि ब्लेड शोधायचा कंटाळा येतो. टॉप-अपचा कॅन रिकामा झाल्याचं पंपाच्या घरघरीवरून कळतं. मिठाची बादली उघडावी तर वरचा थर दगड झालेला. केएच मोजायचं किट काढावं तर त्याची मुदत मार्चमध्येच संपलेली. मग एक दिवस लक्षात येतं की आपण चहाचा कप घेऊन टाकीसमोरून जातो आणि तिकडे मानही वळत नाही.

ज्यांच्या घरी ही अवस्था आली आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी लोणावळ्यात, तुंगार्लीच्या बाजूला राहते. गेली नऊ वर्षं घरात समुद्री टाकी आहे आणि त्यातलं दीड वर्ष मी ती नुसती ओढली. तेव्हा कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा या गोष्टी आहेत. काही खंडाळा-लोणावळ्याच्या हवेपुरत्या, काही कुठेही लागू पडतील अशा.

पहिली गोष्ट म्हणजे, हौस संपली हा निकाल जुलैत देऊ नका.

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. कामशेत, वडगाव ओलांडून तळेगावला पोचेपर्यंत त्याचा जोर निम्म्याहूनही खाली येतो, पण कोंदट हवा आणि विजेची ये-जा तिथेही असते. या दिवसांत कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, कपाटातल्या चपलांवर बुरशी धरते. घरातली प्रत्येक वस्तू जास्तीचं काम मागते, तशी टाकीही मागते. माझ्या वहीत टाकीवर वैतागून लिहिलेल्या नोंदी पाहिल्या तर जवळजवळ सगळ्या आषाढ-श्रावणातल्या आहेत. जानेवारीतली एकही नाही. म्हणून टाकी ठेवायची की मोडायची, हे दसऱ्यानंतर खिडक्या उघडल्यावर ठरवा. तोवर ती जिवंत ठेवणं एवढंच काम.

पावसाळ्यात टाकी बिघडली की आपल्याच हलगर्जीपणाने बिघडली असं वाटतं आणि त्या अपराधीपणाने मन आणखी खचतं. खरं तर यात बराच हात हवेचा असतो. माझी तेव्हाची टाकी २५० लिटरची, वरून उघडी. एप्रिलमध्ये तिच्यातून रोज साडेतीन लिटर पाणी उडायचं, जुलैत लिटरभरही नाही. हवाच भिजलेली, पाणी उडून जाणार कुठे? कॅल्शियम आणि केएच, म्हणजे पाण्याची आम्ल झेलण्याची क्षमता, टिकावा म्हणून मी टॉप-अपच्या पाण्यात चुन्याची निवळी घालत असे, आपल्या हौशी मंडळींच्या भाषेत कल्कवासर. पाणी उडणं कमी झालं तशी निवळी जाणंही कमी झालं. प्रवाळांची गरज मात्र तेवढीच राहिली. जूनमध्ये साडेआठ असलेला केएच जुलैअखेर पावणेसातवर आला. मी किट बदललं, मीठ बदललं, आपला हात बिघडला असं धरून चालले. शेवटी वहीतले टॉप-अपचे आकडे ओळीने मांडले तेव्हा उलगडा झाला. आता पावसाळ्यात मी निवळीवर विसंबत नाही. केएचचा डोस वेगळा मोजून देते, नाहीतर पाणी थोडं लवकर बदलते.

दुसरं असंच न दिसणारं कारण बंद खिडक्यांचं. धुकं आत येऊ नये म्हणून आपण सगळं लावून घेतो. घरातल्या माणसांच्या श्वासाचा आणि शेगडीचा कार्बन डायऑक्साइड कोंडतो, पाण्यात उतरतो आणि पीएच खाली येतो. माझ्याकडे पहाटे तो ७.८ च्या आसपास असायचा. त्यावर बाटलीतली औषधं ओतत बसू नका. स्किमरची हवा ओढणारी नळी लांब करून खिडकीच्या फटीतून बाहेर काढा. बाहेर धो धो पाऊस असला तरी ती हवा घरातल्या हवेपेक्षा टाकीला चांगली.

नळाचं पाणी या महिन्यांत गढूळ येतं, तेव्हा आरओचं गाळाचं काडतूस इतर वेळी सहा महिने टिकत असलं तरी इथे जुलैच्या मध्यावर बदलून टाका. नाहीतर टाकीत शेवाळ माजतं आणि आपण माशांच्या खाण्याला दोष देत बसतो. मीठ पिशवीत ठेवू नका, रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.

आता विजेबद्दल. याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, कारण माझा उत्साह त्यातच गेला.

तीन वर्षांपूर्वीच्या जुलैत एका रात्री अकराला वीज गेली, ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. घाटमाथ्यावर अशा रात्री झाडं पडतात, तारा तुटतात. इन्व्हर्टर होता. पण त्याच्यावर टाकीचा मोठा रिटर्न पंप होता आणि त्याच बॅटरीवर फ्रिज, दोन पंखे, वायफाय. पहाटे चारला सगळंच थांबलं. मला जाग आली ती शांततेने. टाकी असलेल्या घरात राहणाऱ्यांना हे ठाऊक असेल, पाण्याचा आवाज थांबला की झोप मोडते. टॉर्च मारला तर सगळे मासे वरच्या कडेला तोंड लावून भराभर कल्ले हलवत होते. मी स्टुलावर उभी राहून मगने पाणी काढून उंचावरून परत ओतत राहिले. हात भरून आला की हात बदलायचा. उजाडेपर्यंत फायरफिश आणि सिक्सलाइन रास गेले, दुपारपर्यंत आणखी तीन. सातांपैकी दोन उरले, क्लाऊनची जोडी.

त्यानंतर मला टाकीकडे पाहवेना. मी त्याला कंटाळा म्हणत होते. संध्याकाळी सासूबाई आपणहून चिमूटभर खाणं टाकायच्या, तेवढ्यावर ते दोन मासे राहिले. एकदा त्या म्हणाल्या, "तुला कंटाळा नाही गं आलेला. तुला वाईट वाटतंय." त्या बोलल्या तेव्हा मला रडू आलं. मासा गेला म्हणून कोणी भेटायला येत नाही, आपणही दुःख झालं असं म्हणायला संकोचतो आणि मग त्याला कंटाळा असं नाव देतो. तुमचा उत्साह अशा एखाद्या मोठ्या पडझडीनंतर गेला असेल तर दोन गोष्टी करा. घरात कोणाशी तरी त्याबद्दल बोला. आणि रिकाम्या टाकीकडे पाहवत नाही म्हणून लगेच नवे मासे आणू नका. दगड, वाळू, पाणी फिरतं ठेवा, आठवड्याने चिमूटभर खाणं टाका म्हणजे जिवाणू टिकतील आणि दोन-तीन महिने जाऊ द्या.

तेव्हा जे केलं नव्हतं ते आता असं केलं आहे. मोठा रिटर्न पंप इन्व्हर्टरवर नाहीच. त्यावर फक्त १० वॅटचा एक छोटा वेव्ह पंप आहे, पाण्याच्या पृष्ठभागाकडे तोंड करून. वीज गेल्यावर माशांना सगळ्यात आधी प्राणवायू लागतो आणि पाण्याचा वरचा थर हलता राहिला की तो मिळतो. दिवे, स्किमर, हीटर यांच्यावाचून एक रात्र सहज निभते. घरगुती इन्व्हर्टरची १५० अँपिअर-अवर बॅटरी चांगल्या स्थितीत असेल आणि तिच्यावर दुसरं काही नसेल तर एवढा पंप दिवसभर चालतो. फ्रिज तिच्यावर ठेवायचा नाही, हे घरात सगळ्यांना माहीत हवं. याशिवाय सेलवर चालणारा हवेचा पंप, वीज गेली की आपोआप सुरू होणारा, टाकीला कायमचा लावून ठेवा. ज्यांच्याकडे बंद डब्याचा कॅनिस्टर फिल्टर आहे त्यांनी वीज काही तास गेली असेल तर तो तसाच सुरू करू नये. आत साचलेलं पाणी प्राणवायूवाचून नासलेलं असतं. ते आधी ओतून टाकावं.

ही सोय केल्यावर मला कित्येक महिन्यांनी पावसाळी रात्री गाढ झोप लागली. हौस परत येण्याची सुरुवात माझ्या बाबतीत तिथून झाली. आधी धास्ती गेली, गोडी त्यानंतर आली.

आता मुद्द्याचं. आपण टाकी मांडतो ती कधी? हिवाळ्यात, सुट्टीत, हातात थोडे पैसे असताना, अंगात जोर असताना. त्या वेळच्या उत्साहाच्या मापाने टाकी घेतो, मासे भरतो, दिवे लावतो. मग आवणीच्या दिवसांत गावाकडे जावं लागतं, मुलांच्या परीक्षा येतात, कोणी आजारी पडतं आणि ती टाकी रोज दीड तास मागत राहते. नव्याचे नऊ दिवस सरल्यावर तेवढा वेळ कोणाजवळच नसतो. म्हणून टाकी आपल्या सगळ्यात वाईट महिन्याच्या मापाची असावी. माझा तो महिना जुलै आहे. तुमचा मार्च असेल, हिशेबाच्या कामामुळे, किंवा मे, घरी पाहुण्यांचा राबता असतो म्हणून. लोणावळ्यातल्या घरांना हे वेगळं सांगायला नको. त्या महिन्यात तुम्ही टाकीला खरोखर किती मिनिटं देऊ शकता ते लिहून काढा. माझी रोजची दहा मिनिटं आणि आठवड्यातून एकदा पाऊण तास निघाला. त्यात जे बसत नाही ते कमी करायचं.

कमी करण्याची सुरुवात माशांपासून करा. मासे कमी म्हणजे खाणं कमी, घाण कमी, शेवाळ कमी, वीज गेल्यावर प्राणवायूची ओढही कमी. १५० ते २५० लिटरच्या टाकीत दोन-तीन लहान मासे खूप झाले. मग दिवे. माझे १२० वॅटचे एलईडी रोज दहा तास पूर्ण जळत, म्हणजे महिन्याला ३६ युनिट. ते सात तासांवर आणि सुमारे ६० टक्क्यांवर आणले तर १५ युनिटांत भागतं, आणि मशरूम, झोआ, लेदर या मऊ प्रवाळांना तेवढा उजेड पुरतो. मे महिन्यात तळेगाव-देहूरोडकडे २५० वॅटचा चिलर दिवसाला आठ तास चालला तरी महिन्याचे ६० युनिट होतात. घरगुती विजेचा दर १०० आणि ३०० युनिटांच्या टप्प्यांवर चढत असल्याने बिल अचानक फुगलेलं दिसतं ते यामुळे. बिल पाहून टाकीचा राग येणं हेही उत्साह आटण्याचं एक खरं कारण आहे आणि ते असं वजाबाकीने सुटतं.

चाचण्यांचंही तसंच. आठ किटं फडताळात ठेवून एकही न वापरण्यापेक्षा दोनच गोष्टी मोजा: क्षारता आणि केएच. क्षारता विशिष्ट गुरुत्वाच्या मापात १.०२५ च्या जवळ आणि केएच आठच्या आसपास स्थिर असेल तर मऊ प्रवाळांच्या टाकीत बाकीचं नियमित पाणी बदलण्यातून सांभाळलं जातं. क्षारतेबद्दल मात्र आळस चालत नाही. पाणी उडतं तेव्हा मीठ मागेच राहतं. २५० लिटरमधून २० लिटर उडून गेलं आणि तुम्ही भरलं नाहीत, तर हजारी ३५ भाग असलेली क्षारता ३८ वर जाते. एप्रिलमध्ये आठवडाभर गावाला गेलात तर नेमकं हेच घडतं. म्हणून आपोआप भरणारा टॉप-अप ही मी चैन समजत नाही. पैसे एकाच वस्तूवर घालायचे असतील तर यावर घाला. नवं प्रवाळ त्यानंतर.

एक नाजूक गोष्ट. टाकी कोणासाठी मांडली होती, हेही आठवून पाहा. आमची मुलासाठी आली होती. माझ्या लहानपणी वडिलांनी मला मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात नेलं होतं, १९५१ मध्ये सुरू झालेलं ते मरीन ड्राइव्हवरचं जुनं मत्स्यालय. काचेला नाक लावून मी तिथून हलत नव्हते. तसंच काहीतरी मुलाला घरात मिळावं असं वाटलं. तो सातवीत होता. आम्ही दोघं मिळून मीठ कालवायचो, तो आकडे वाचायचा, मी वहीत लिहायची. तो शिकायला बाहेर गेला आणि टाकी माझ्या एकटीच्या गळ्यात आली. काम तेवढंच होतं, पण आकडा मोठ्याने वाचून दाखवायला कोणी नव्हतं. तुमच्या घरी असं काही झालं असेल तर यंत्रं बदलून उपयोग नाही, जोडीदार शोधायला हवा. शेजारचं एखादं मूल चालेल, सोसायटीतले निवृत्त आजोबा चालतील. माझ्या घरी ती जागा आता सासूबाईंनी घेतली आहे.

आणि एक करून पाहा. आठवड्यातून एकदा टाकीसमोर खुर्ची मांडा आणि दहा मिनिटं पाण्यात हात घालू नका. घासणं नाही, मोजणं नाही. आपण टाकीकडे बघतो ते बहुतेक वेळा कामाच्या नजरेने, कुठे काय बिघडलंय ते शोधत. रात्री टाकीचे दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्चवर लाल कागद लावून पाहा. दिवसभर दगडासारखा दिसणारा दगड तेव्हा हलत असतो. फटींतून केसाएवढ्या मिशा बाहेर येतात, काचेवर तांदळाच्या कणीपेक्षा बारीक पांढरे जीव उड्या मारत सरकतात, नखाच्या टोकाएवढ्या गोल चुनखडीच्या नळीतून एक किडा पिसांचा लाल तुरा उघडतो आणि तुमची सावली पडताच मिटून घेतो. यातलं काहीही मी विकत आणलं नव्हतं. दगडांबरोबर ते आलं आणि माझ्या दुर्लक्षाच्या दीड वर्षातही आपलं आपलं जगत राहिलं.

घरात राहून गोडी परत येत नसेल तर समुद्राकडे जा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात स्नॉर्कलिंग करता येतं. तिथला समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तेवढं लांब जमत नसेल तर मुंबईला ओहोटीच्या वेळी खडकांवर फिरून या. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ही मंडळी २०१७ पासून लोकांना अशी भरती-ओहोटीची सफर घडवतात आणि हाजीअली, मरीन ड्राइव्हच्या खडकांवर प्रवाळ, झोआंथिड, समुद्रफुलं दाखवतात. लोणावळ्याहून सकाळची गाडी धरली तर दिवसात जाऊन येता येतं. फक्त निघण्याआधी ओहोटीची वेळ पाहा.

एवढं करूनही मन रमत नसेल, तर टाकी बंद करा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. हौस आपल्या सुखासाठी असते. पण बंद करायची ती तारीख ठरवून, मासे ठणठणीत असताना. बघू, बघू करत महिने काढले की टाकीचा निर्णय टाकीच घेते, आणि तो वाईट असतो. क्लाऊनफिश घरच्या टाकीत २० वर्षंही जगतो. तो आपल्या मनःस्थितीची वाट पाहू शकत नाही.

मासे देताना आधी घेणाऱ्याला त्याच्या टाकीची क्षारता विचारा आणि आपली आठवडाभरात हळूहळू तिच्याजवळ आणा. म्हणजे पोचल्यावर तासन्‌तास थेंबथेंब पाणी सोडत बसावं लागत नाही. नेण्याच्या आदल्या दिवशी खायला घालू नका. जाड पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग हवा, एका पिशवीत एकच मासा, थर्मोकोलच्या खोक्यात अंधारात. पुण्याला लोकलने दीड तास धरा आणि दुपारची गाडी घ्या, सकाळच्या गर्दीत खोकं सांभाळता येत नाही. घेणाऱ्याला तुमची वही द्या. मासा काय खातो, कुठल्या दगडामागे झोपतो, हे त्याला दुसरीकडून कळणार नाही.

प्रवाळांच्या बाबतीत कायदा नीट समजून घ्या. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ मध्ये रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं, काळी प्रवाळं, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे आले. वाघाचं नाव ज्या अनुसूचीत आहे तीच ही. म्हणजे आपण सहज नावं घेतो ते एक्रोपोरा, हॅमर, टॉर्च, ब्रेन हे सगळे त्यात येतात, आणि प्रवाळाच्या सांगाड्याचा 'लाइव्ह रॉक'ही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स यादीतले परदेशी जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांवर नोंदणीची जबाबदारीही आली आहे. टाकी मोडताना असं काही तुमच्याकडे निघालं, तर ते विकू नका, बदल्यात देऊ नका, मित्राला भेटही देऊ नका. वनविभागाला कळवा. मावळात वडगावला वनपरिक्षेत्र कार्यालय आहे आणि १९२६ हा वनविभागाचा मदत क्रमांक आहे. नव्याने टाकी मांडणाऱ्यांनी तर भाजलेल्या मातीचे किंवा घडवलेले दगडच घ्यावेत. वर्षभरात त्यांच्यावरही जांभळा रंग चढतो. मशरूम, झोआ, लेदर, झेनिया या मऊ प्रवाळांना कमी श्रम लागतात, दुर्लक्ष सोसतं आणि त्यांची नावं या अनुसूचीत नाहीत.

झोआ असलेले दगड मोकळे करताना मात्र जपा. काही झोआंथिडांमध्ये पॅलिटॉक्सिन हे फार जहाल विष असतं. असे दगड उकळू नका, त्यांच्यावर कढत पाणी ओतू नका, कोरडे घासू नका. वाफेतून किंवा उडालेल्या शिंतोड्यातून ते विष बाधतं. हातमोजे आणि चष्मा घालून, पाण्याखालीच खरवडून काढा आणि लहान मुलांना तोवर दुसऱ्या खोलीत ठेवा.

आणि मासा असो, गोगलगाय असो की शेवाळाचा झुपका, नदीत, तलावात किंवा अलिबागला जाऊन समुद्रात सोडू नका. जीवदान दिलं असं आपल्याला वाटतं. समुद्री मासा गोड्या पाण्यात तडफडून मरतो. गोड्या पाण्यातला जगला तर त्याहून वाईट. इंद्रायणी आणि पवना दोन्हींचं पाणी शेवटी भीमेला मिळतं आणि भीमा उजनीला जाते. त्या उजनीत आज काटेरी पाठीचा, टाकीतली काच चाटायला आणला जाणारा सकर मासा मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, जाळी फाडतो आणि त्याला बाजारात गिऱ्हाईक नाही. तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. कोणाच्या तरी घरच्या टाकीत मोठा झाल्यावर नकोसा झालेला. समुद्रातही हेच झालं आहे. फ्लोरिडाजवळ १९८५ मध्ये पहिल्यांदा दिसलेला लायनफिश आता कॅरिबियन समुद्रभर पसरला आहे. भूमध्य समुद्रात १९८४ मध्ये मोनॅकोच्या किनाऱ्याशी मत्स्यालयातल्या कॉलर्पा शेवाळाचा छोटा ठिपका सापडला होता. त्याने पुढे समुद्रतळाचे मोठे पट्टे झाकले.

पाण्याचंही सांगते. २०० लिटर समुद्री पाण्यात सात किलो मीठ असतं. ते बागेत ओतलंत तर माती खारावते. आपल्याकडे बंगल्यांना शोषखड्डे आणि जवळच विहिरी असतात, तिथेही नको. दोन-तीन आठवड्यांत थोडंथोडं, भरपूर साध्या पाण्याबरोबर, मोरीतून गटारात सोडा. पंप आणि स्किमर व्हिनेगरच्या पाण्यात रात्रभर चालवून चुना काढा, वाळवा, मग विका किंवा झाकून ठेवा. मी सांगेन, वर्षभर तरी ठेवा.

माझ्याकडे आता १३० लिटरची टाकी आहे. तेच दोन क्लाऊन, थोडे मशरूम, हिरव्या झोआंचा एक दगड. टॉप-अपच्या कॅनवर मी पेनाने लिटरच्या रेघा मारल्या आहेत. सकाळी देवपूजेला बसण्याआधी सासूबाई चष्मा लावून ती रेघ वाचतात आणि स्वयंपाकघरात मला ऐकू येईल अशा आवाजात सांगतात, "आज अर्धाच उतरलाय गं, बाहेर फार दाटलंय." मी तो आकडा वहीत लिहिते.